सतरा म्हणजे अठरा

नागपंचमी झाली की आमच्या वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, घुमटं माळ्यावरून खाली येतात. घुमट म्हणजे मडक्याच्या तोंडावर कातडं ताणून केलेलं वाद्य. पावसात कातडं सैल पडलेलं असतं. ते चुलीच्या धगीला धरायचं, टिचकी मारून बघायची, परत धरायचं. तिथून चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, रोज रात्री आरत्यांची तालीम. गेल्या वर्षी तालमीच्या दुसऱ्याच दिवशी मी दुकानाचं शटर वर करते न करते तोच शेजारच्या काकींचा फोन.

"गो बाय, आरती वाजना. इंग्लिशींत कितें तरी येता."

माशेलच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, देवळाच्या उत्सवाची पत्रकं. मला वाटलं, काकींच्या फोनचा आवाज बंद असेल, तो दर आठवड्याला असतोच. "बाजूचं बटण वर दाबा" म्हणून ठेवून दिला. अर्ध्या तासात आणखी तीन फोन आले. तेव्हा काउंटरखालून आमची पुस्तिका काढली आणि पहिल्या आरतीचा कोड स्कॅन केला. एरवी एक क्षण पडदा पांढरा व्हायचा आणि लगेच आबांचा आवाज सुरू व्हायचा. त्या दिवशी पडदा पांढराच राहिला. मधोमध एक राखाडी ढग, आणि खाली इंग्रजीत: हा दुवा आता चालत नाही, फाइलच्या मालकाशी संपर्क साधा.

मालक म्हणजे मीच.

आबा म्हणजे माझे सासरे. वाड्यावर चाळीसेक वर्षं आरती त्यांनी उचलली. गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्याकडे चवथीची आरती म्हणजे दोन मिनिटांत टाळ्या वाजवून उरकायचं काम नव्हे. घरात कोकणी बोलणारी माणसं माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली बसून घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कांसाळ्यांच्या, म्हणजे झांजांच्या साथीने तास-तास मराठी आरत्या म्हणतात. एकेका आरतीची चाल वेगळी, मध्येच लय दुप्पट होते, आणि कुठल्या कडव्याला घुमट थांबवायचं हे कुठेही लिहिलेलं नसतं. आबांच्या भावाने आखातातून आणलेल्या टू-इन-वनवर त्या रात्रींच्या कॅसेटी भरून ठेवलेल्या होत्या. कौलांवर पडणारा पाऊस, कुत्रं, मध्येच "चा हाड गो" (चहा आण गं) असा कुणाचा तरी आवाज, सगळं त्यात आहे. घुमटाचा नादही आताच्यापेक्षा वेगळा ऐकू येतो, कारण तेव्हाची घुमटं घोरपडीच्या कातड्याची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, पण वाड्यावर तो बऱ्याच उशिरा पोहोचला. आता सगळी शेळीच्या कातड्याची. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला तेव्हा नवरा म्हणाला, आबा असते तर आधी मानधनाचं विचारलं असतं.

आबा गेल्यावर कॅसेटींना बुरशी लागायच्या आत मी त्या संगणकावर उतरवून घेतल्या. ऑडॅसिटी या आवाज सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून खरखर थोडी कमी केली, पाऊस मात्र राहू दिला. बत्तीस आरत्या निघाल्या. मग मंडळाने पुस्तिका काढायचं ठरवलं: ए-फाइव्ह आकार, सत्तर जीएसएमचा मॅपलिथो कागद, सेंटर पिन, पाचशे प्रती. प्रत्येक आरतीच्या शब्दांशेजारी अठरा मिलिमीटरचा क्यूआर कोड, म्हणजे पोरांनी स्कॅन करावा आणि चाल ऐकावी. ही कल्पना माझी. कौतुक झालं तेव्हा मी ते पुढे होऊन घेतलं होतं, म्हणून आता हेही सांगते.

फाइली मी एका क्लाउड साठवणुकीच्या फुकट खात्यात ठेवल्या होत्या. तिथे एक सोय होती: फाइलवर बोट ठेवून दुवा सार्वजनिक केला की तो थेट फाइलवर जायचा. मध्ये पान नाही, खातं नाही, ॲप उतरवा नाही. एक आरती सरासरी सहा मिनिटांची, एमपीथ्री करून साधारण सहा एमबी, म्हणजे बत्तीस मिळून दोनशे एमबीच्या आत. साध्यातल्या साध्या फोनवरही वाजायची. काकींना पासवर्ड हा शब्द म्हणता येत नाही, पण त्यांना सगळ्या आरत्या वाजवता यायच्या. त्या कंपनीने एवढी एकच सोय काढून टाकली होती. फाइली माझ्या खात्यात जिथल्या तिथे होत्या, एकही गेली नव्हती. मला दिसत होत्या, बाकी कुणाला दिसत नव्हत्या.

मग कंपनीने आधी कळवलं होतं का म्हणून मेलमध्ये पत्र शोधलं. खरंच आलेलं होतं, तीन महिन्यांपूर्वी, कुठल्याशा सवलतीच्या कूपनांच्या आणि विम्याच्या मेलांच्या मध्ये. खातं मंडळाच्या नावाचं, त्याचा मेल वर्षातून दोनदा उघडला जायचा. पत्राची सुरुवात "तुमचा अनुभव आणखी चांगला व्हावा म्हणून" अशी आणि मुद्दा चौथ्या परिच्छेदात. मी दुकानात पत्रिका जुळवते तेव्हा मुहूर्त पहिल्या पानावर ठळक टाकते, पाहुण्याने शोधत बसायला नको म्हणून. असो. कळवलं नाही असं मला म्हणता येत नाही.

संध्याकाळपर्यंत वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी फिरली. पहिला प्रश्न, "बिल भरलं नाही काय?" मला वाटतं, गोव्यात काहीही बंद पडलं की आधी हेच विचारतात, कारण वीज खाते तेच विचारतं. एकाने अंदाज केला, की मी आता पैसे घेऊन आरत्या देणार आहे आणि ही त्याची सुरुवात आहे. तो माणूस माझ्या दुकानात आजवर उधारीवरच झेरॉक्स काढत आलाय. आमच्या मास्तरांनी शुद्ध मराठीत दोन स्क्रीनभर निषेध लिहिला, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि ग्रामीण संस्कृती वगैरे, आणि खाली सह्यांची मोहीम सुरू करू या म्हणून सुचवलं. बत्तीस अंगठे वर आले. सही कुठे करायची हे कुणी विचारलं नाही आणि मास्तरांनी सांगितलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, कॅसेट बरी होती, निदान अडकली तर पेन्सिल घालून फिरवता यायची.

एकच जण शांत होता. वाड्यावरचा एक मुलगा बोटीवर नोकरीला आहे. त्याने भर समुद्रातून लिहिलं, "माझ्याकडे सगळ्या आहेत." बोटीवर नेट महाग, म्हणून त्याने पहिल्याच सुट्टीत बत्तीसच्या बत्तीस फोनवर उतरवून घेतल्या होत्या. मग कळलं, तसे आणखी सात-आठ जण निघाले.

मीही कंपनीला लिहिलं. इंग्रजी माझं कामापुरतं आहे, तरी घुमट, चवथ, पाचशे छापील प्रती, सगळं समजावून लिहिलं. उत्तर दोन मिनिटांत आलं, म्हणजे माणसाने लिहिलेलं नव्हतं. दुसरं चार दिवसांनी आलं, ते माणसाचं असावं, कारण त्यात "खेद आहे" असं होतं. महिन्याचे पैसे भरून वरच्या योजनेत गेलात तर सार्वजनिक दुवे करता येतील, पण जुने दुवे पुन्हा चालू होणार नाहीत. म्हणजे पैसे भरूनही कागदावरचे कोड मेलेलेच. हे वाचलं आणि मी भांडण सोडून दिलं.

रात्री झोप येईना म्हणून असं आणखी कुणाकुणाचं झालंय ते वाचत बसले. आपण एकटेच नाही एवढं तरी कळलं. गूगल ड्राइव्हवरून थेट वेबपानं दाखवायची सोय होती, ती ऑगस्ट २०१६ मध्ये बंद झाली. ड्रॉपबॉक्सचा पब्लिक फोल्डर फुकट खातेदारांसाठी १५ मार्च २०१७ ला गेला, पैसे भरणाऱ्यांसाठी त्याच वर्षी सप्टेंबरात. त्याच २०१७ साली फोटो साठवायच्या फोटोबकेट या साइटने दुसऱ्यांच्या पानांवर फोटो दाखवायचे असतील तर वर्षाला जवळजवळ चारशे डॉलर मागितले, आणि लोकांनी वर्षानुवर्षं चिकटवलेले फोटो रातोरात जाऊन त्यांच्या जागी पैसे भरा अशी पाटी आली. मोझिलाने फाइली पाठवायची फायरफॉक्स सेंड ही सेवा २०१९ च्या मार्चमध्ये आणली, २०२० च्या जुलैत थांबवली आणि सप्टेंबरात कायमची बंद केली. त्याचं कारण त्यांनी उघड सांगितलं होतं, की फसवणूक करणारे लोक त्या दुव्यांवरून व्हायरस पाठवत होते.

ते कारण वाचल्यावर माझा राग थोडा निवळला. विश्वासातल्या नावाचा दुवा, मध्ये कुठली चौकशी नाही, बोट लागलं की फाइल थेट फोनमध्ये. काकींना जे सोपं पडायचं तेच चोरांनाही सोपं पडतं. शिवाय कुणी त्यातूनच चोरीचे सिनेमे वाटतो, हजारो लोक उतरवतात, आणि त्या वाहतुकीचा खर्च कंपनीच्या माथी. आमच्या मंडळासारखे पाच-पन्नास जण त्या हिशेबात कुठेच दिसत नाहीत. तरी मला वाटतं, जुने दुवे तसेच ठेवून फक्त नवे बंद करता आले असते. माझ्या दुकानात मी लॅमिनेशन बंद केलं तेव्हा आधी करून दिलेली कार्डं परत मागवली नव्हती.

आता करायचं काय? चवथीला अठरा दिवस होते.

पहिला प्रयोग व्हॉट्सॲपचा. बत्तीस फाइली ग्रुपवर टाकल्या. दोन दिवसांत सुप्रभात, पावसाचा इशारा, कुणाच्या तरी म्हशीचा फोटो असं सगळं वर चढलं आणि आरत्या तळाला गेल्या. फाइलींची नावंही काही फोनवर जाऊन नुसते आकडे राहिले. दुसरा प्रयोग एका व्हिडिओच्या साइटवर. काळ्या चित्रावर आरती चढवली. फोनचा पडदा विझला की आवाज बंद, म्हणून एकाने सतत पडद्यावर बोट फिरवत राहायचं. तेही चाललं असतं. पण तालमीत शांतादुर्गेच्या आरतीच्या आधी चिकन मसाल्याची जाहिरात लागली, तीही श्रावणात, आणि आमचे शामेळ वाजवणारे नाना काठ्या खाली ठेवून उठले. ते परत बसेपर्यंत चहा दोनदा झाला.

शेवटी पुण्याला असलेल्या भाच्याला फोन केला. तो संगणकातला. त्याने माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामी, चूक दुव्यात नाही, कोडमध्ये आहे." मला आधी लागलं ते. पण त्याचं बरोबर होतं. क्यूआर कोड म्हणजे त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींत प्रत्यक्ष पत्ताच लिहिलेला असतो. कागदावर उमटला की तो बदलत नाही. मी त्यात कंपनीचा पत्ता छापला होता, आमचा नाही. त्याने सुचवलं ते असं: मंडळाच्या नावाने एक पत्ता विकत घ्यायचा, वर्षाला हजाराच्या आत मिळतो. कोडमध्ये तो पत्ता आणि पुढे आरतीचा आकडा, एवढंच. तिथे आलेल्या माणसाला पुढे कुठे पाठवायचं ते आपण ठरवायचं. फाइल आज इथे ठेवली, उद्या तिथे नेली, तरी कागदाला हात लावायला नको.

भाच्याने ते एका रविवारी बसून केलं. नवा पत्ता आखूड, त्यामुळे नवे कोडही ढोबळ आले, मोठमोठ्या चौकटींचे. जुना दुवा एवढा लांब होता की त्याचा कोड मॅपलिथोवर मुंग्यांच्या वारुळासारखा दिसायचा. मी डीटीपीवाली असून हे छापताना माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग हिशेब मांडला. पाचशे प्रती, प्रत्येकीत बत्तीस कोड, म्हणजे सोळा हजार स्टिकर. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं आणि भाच्याला परत फोन लावला. तो हसला. शेवटी ठरलं की कव्हरच्या आतल्या बाजूला एकच मोठा कोड चिकटवायचा, तो उघडला की बत्तीस आरत्यांची यादी. वाड्यावरच्या आणि तालमीच्या पन्नासेक प्रतींना मात्र पानोपान स्टिकर लावायचे, कारण काकींना यादीतून शोधणं जमणार नाही. बाहेर विकल्या गेलेल्या प्रती जशा परत येतील तशा.

तीन रात्री आमच्या सोप्यावर पोरं स्टिकर लावत बसली. पहिल्या रात्रीचे सगळे फुकट गेले. मी हाताशी होता तो पातळ स्टिकर कागद वापरला होता, खालचा जुना काळा कोड त्यातून दिसायचा आणि फोन गोंधळायचा. दुसऱ्या दिवशी फोंड्याहून जाड पांढरे शीट आणले. चिकटवताना लोकांच्या प्रती हातात आल्या, आणि पुस्तिका कशी वापरली जाते ते मला पहिल्यांदा दिसलं. काकींच्या प्रतीत पहिल्या आरतीच्या पानावर समईच्या तेलाचा गोल डाग. नानांच्या प्रतीत प्रत्येक कडव्याशेजारी पेन्सिलीने टिंबं आणि फुल्या, घुमट कुठे थांबतं त्या खुणा. एका प्रतीत कोडच्या बरोबर कोपऱ्यावर कुंकवाचा अंगठा उमटलेला. मी गंमत म्हणून तो जुना कोड स्कॅन केला तर फोनने तो वाचला, त्या राखाडी ढगावर नेऊन सोडलं. कोडमध्ये दुरुस्तीची माहिती जादा भरलेली असते, वरची पातळी घेतली तर साधारण तीस टक्के भाग बिघडला तरी तो वाचता येतो. तेल, कुंकू सगळं सोसून तो कोड दोन वर्षं धड राहिला होता.

हे करताना फाइली एकेक ऐकून तपासत होते, तेव्हा सतराव्या आरतीपाशी थांबले. पान विठ्ठलाच्या आरतीचं, पण जुन्या यादीप्रमाणे त्या कोडवर वाजायची शांतादुर्गेची. आणि अठराव्यावर विठ्ठलाची. पुस्तिका जुळवताना मीच दोन कोड उलटे टाकले होते. पाचशे प्रती, दोन चवथी, आणि मला एकानेही सांगितलं नव्हतं. मला घाम फुटला, पण मनात म्हटलं, बरं झालं, या निमित्ताने हेही सुधारून जाईल. नव्या पत्त्यावर सतराला सतरा, अठराला अठरा जोडले, कुणाला बोलले नाही.

चवथीच्या आधीच्या सोमवारी देवळासमोर मोठी तालीम होती. बाहेरच्या वाड्यावरचीही पोरं आली होती. स्टिकर व्यवस्थित चालत होते, काकींनी तीन आरत्या वाजवून सगळ्यांना दाखवल्या. नाना म्हणाले, "सतरा." निम्म्यांनी विठ्ठलाची उचलली, निम्म्यांनी शांतादुर्गेची. घुमटं दोन वेगळ्या लयींत सुटली, कांसाळी मध्येच पडली, आणि सगळे थांबले. नानांनी पुस्तिका उघडली, स्कॅन केलं, ऐकलं, आणि मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं.

तेव्हा कळलं. वाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच तालमीत लक्षात आलं होतं, आणि त्यांनी मला सांगायच्या ऐवजी ठरवून टाकलं होतं, की सतरा म्हणजे कोड वाजवतो ती. पोरं चाली कोडवरूनच शिकली, त्यांच्यासाठी सतरा म्हणजे शांतादुर्गा. नुसतं पान बघून शिकलेले बाहेरच्या वाड्यावरचे तेवढे विठ्ठलाकडे गेले.

"कुणी बदललं हे?" नानांनी विचारलं.

"चूक होती ती. मी दुरुस्त केली."

"विचारलंस कुणाला?"

मी गप्प. काकी मागून म्हणाल्या, "ते कंपनीवाले बरे गो, निदान पत्र तरी धाडलं त्यांनी." सगळे हसले, मीही हसले, पण कान गरम झाले होते.

मी देवळाच्या पायरीवर बसून फोनवरच भाच्याने दिलेलं पान उघडलं. सतराच्या ओळीत अठराचा पत्ता, अठराच्या ओळीत सतराचा. जतन करा. स्टिकर एकही काढावा लागला नाही. नानांनी परत स्कॅन केलं, पावसाच्या आवाजातून आबांनी शांतादुर्गेची आरती उचलली. नानांनी फोन बंद करून झोळीत टाकला आणि शामेळाच्या काठ्या उचलल्या.

"सतरा," ते म्हणाले.